उपवासाच्या शुक्रवारची कलेजी

वकील ‘शुक्रवारी’ म्हणाला आणि एवारिस्तो लोमेलीच्या काळजात चर्र झालं. कशानं, ते आधी त्याचं त्यालाच उमगेना. समोरचा माणूस तर चांगलंच बोलत होता. सकाळच्या विमानानं राजधानीहून आलेला, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवून बसलेला, उर्किदी नावाचा हा तरणाताठा वकील अम्पारोनं दिलेल्या जास्वंदीच्या सरबताचे घोट घेत घेत सगळं प्रकरण कसं हातचा मळ आहे ते समजावून देत होता. सुनावणी सोमवारी. आईबापांनी कुठं जायचं नाही, यायचं नाही. इथंच बसायचं, पडद्यावर पंच दिसतील, ते दोन-चार प्रश्न विचारतील. पोरगी खेळांना जायच्या आधी घरी आली होती? आली होती. काय जेवली? “शुक्रवारी दुपारी, कांद्यातली कलेजी,” वकील म्हणाला. कुठून आणली? कोपऱ्यावरच्या फिलेमोनच्या दुकानातून. संपलं. पोरीच्या तपासणीत जे औषध सापडलं तेच वासरं फुगवायला चोरून घालतात आणि ते सगळ्यात जास्त साठतं कलेजीतच, हे पंचांनाही ठाऊक आहे; याच रस्त्यानं कितीतरी खेळाडू सुटलेत; पदक राहील, बंदी टळेल. “सेन्योरा, तुम्ही फक्त घाबरू नका,” असं म्हणून त्यानं पेला पुढं केला, आणि अम्पारोनं तो भरला. एवारिस्तो मात्र त्या एका शब्दापाशीच अडकून बसला होता. शुक्रवारी? कुठल्या शुक्रवारी? मग त्याला एकदम दिसलं कुठल्या.

पोरगी, नेरेईदा, घरी आली ती ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत. त्या चाळीस दिवसांतल्या शुक्रवारी या घरात मांस शिजत नाही. शिजलेलं नाही. एवारिस्तोच्या लग्नापासून नाही आणि अम्पारोच्या आईच्या आईच्या काळापासूनही नाही. त्या दिवशी दारातल्या कुत्र्यालासुद्धा घेवड्याचं पाणी मिळतं आणि तो बिचारा दिवसभर आरोपी असल्यासारखा बघत बसतो. सबंध आनाल्को वस्तीत शुक्रवारी सुक्या कोळंबीचे वडे आणि निवडुंगाची भाजी यांचाच वास असतो. राजधानीतल्या क्रीडाकेंद्रात राहणाऱ्या पोरीला आता तिथले आहारतज्ज्ञ ताट मोजून देतात, तिथं शुक्रवार काय आणि मंगळवार काय. आणि हा वकील उत्तरेकडच्या वाळवंटी मुलखातला, ज्यांच्याकडे मांस हीच भाकरी. त्यानं शर्यतीच्या तारखेवरून मागं हिशोब करत बोट ठेवलं ते नेमकं शुक्रवारवर, आणि पोरीनं मान हलवली. दोघांच्याही ध्यानात आलं नाही. एवारिस्तोनं बायकोकडे पाहिलं. ती आता तोंड उघडेल, म्हणेल, वकीलसाहेब, काहीतरी चुकतंय तुमचं. अम्पारोनं सरबताचा जग टेबलावर ठेवला, पदर नसलेल्या बायका जसा ॲप्रनला हात पुसतात तसा पुसला आणि म्हणाली, “कांदा जरा जास्तच घालते मी. नेरेला आवडतो करपलेला.”

करपलेला! एवारिस्तोला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. बत्तीस वर्षं या बाईनं त्याला बसस्थानकातल्या खोट्या तिकिटाचा किस्सासुद्धा रंगवून सांगू दिला नव्हता, लगेच म्हणायची, एवारिस्तो, तसं नव्हतं झालं. आणि ती आज नुसती खोटं बोलली नाही, खोट्याला वर फोडणी घालून बोलली. वकील खूश झाला. “हे अस्सं! असे बारकावे पंचांना पटतात,” म्हणाला, अम्पारोच्या दोन्ही गालांना गाल लावून निरोप घेतला, एवारिस्तोचा हात जोरजोरात हलवला आणि टॅक्सीत बसून निघूनही गेला. दार लागलं. दोघं जिथल्या तिथं उभी राहिली.

“अम्पारो.”

“ऐकतेय मी.”

“शुक्रवार होता तो.”

“मला सांगतोयस? गुळाच्या पाकातला पाव कुणी केला होता, तुझ्या मावशीनं? त्यात घालायचं चीज संपलं म्हणून मीच धावले होते ना कोपऱ्यावर?” ती स्वयंपाकघरात गेली, तोही मागं गेला. “मी केली कलेजी. पोरगी लांबून आली होती, मला राहवलं नाही, उपास मोडला. एवढंच सांगायचं. देवाला माझं मी बघून घेईन.”

“तू? उपवासाच्या शुक्रवारी? कोण विश्वास ठेवेल? गल्लीतलं शेंबडं पोरही हसेल.”

“गल्लीतली पोरं पंच नाहीयेत. पंच बसलेत कुठं तिकडं समुद्रापार. त्यांना काय ठाऊक माझ्या घरचा शुक्रवार.”

“अगं पण प्रश्न वाराचा आहे का?” त्याचा आवाज चढला आणि मग शेजार आठवून खाली आला. “तिनं इथं मांसाला हात लावला नाही. एक घास नाही. मग ते औषध तिच्या अंगात आलं कुठनं? एवढं सांग मला. कुठनं आलं?”

अम्पारोनं नळ सोडला. भांडं नव्हतं खाली, काही नव्हतं, नुसतं पाणी मोरीत पडत राहिलं. नळाच्या आवाजाच्या आडून ती म्हणाली, “तिला विचारायचं नाहीस तू. माझी शपथ आहे. विचारलंस तर ती सांगेल, आणि सांगितलं तर ते आपल्याला कळेल.” मग तिनं नळ बंद केला आणि कोथिंबीर निवडायला घेतली, जणू जेवायला माणसं यायची होती.

त्याला त्या घरात श्वास घेववेना. टोपी उचलून तो बाहेर पडला. ऊन रणरणत होतं, गल्लीत अजून त्या विजयाच्या दिवसाच्या कागदी पताका लोंबत होत्या, रंग उडून फिक्या झालेल्या, कुणी काढल्या नव्हत्या. आधी आनंदानं राहू दिल्या आणि मग, बातमी फुटल्यावर, काढणं बरं दिसेना म्हणून राहिल्या. त्या दिवशी सगळी वस्ती त्याच्या घरात घुसली होती. अख्ख्या अमेरिका खंडाचे खेळ, बेचाळीसेक देशांचे झेंडे, आणि वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढं, त्या परक्या बंदराच्या उन्हात, कंबर हलवत, ओठ आवळून येणारी त्याची नेरे. तो टीव्हीसमोर उभा होता, बसवतच नव्हतं. शेवटच्या फेरीला त्याचे स्वतःचे पाय खाली चालत होते, टाच, चवडा, टाच, चवडा, आणि शेजारची दोन्या लिचा ओरडत होती, “अहो, बसा, तुम्हाला कुणी पदक देणार नाहीये!” तेव्हा तो रडला होता. सगळ्यांसमोर, नाक वाहेस्तोवर. आता दोन्या लिचा तिच्या मक्याच्या पोळ्यांच्या दुकानाच्या दारात उभी होती, त्याला पाहून गिऱ्हाइकाला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल असं, “मीसुद्धा आता कलेजीच खाणार बाई, बघू या वयात चर्चपर्यंत तरी न थांबता पोचते का!” गिऱ्हाईक फिस्सकन हसलं; कलेजीची गोष्ट पेपरवाल्यांनी वकिलाच्या आधीच वस्तीत पोचवली होती. वाईट बाई नव्हती लिचा. बातमी आली त्या दिवशी तिनंच ताटभर जेवण आणून दिलं होतं आणि न बोलता बसून राहिली होती. पण जीभ आहे, ती चालणारच. एवारिस्तोनं टोपीला हात लावला आणि पुढं गेला.

तो शुक्रवार त्याला आता पुसता येईना. इतके दिवस तो मनात नीट घडी घालून ठेवला होता, पोरीचं खेळांआधीचं शेवटचं जेवण म्हणून, लाडानं. आता घडी उलगडली आणि आत भलतंच निघालं. नेरे गुरुवारी रात्री बसनं आली, दालचिनीचं दूध अर्धा कप प्यायली, पोट ठीक नाही म्हणाली आणि झोपली. शुक्रवारी दुपारी टेबलापाशी बसली. बारीक झाली होती, गालफडं बसलेली, पण दंडावर आणि मांडीवर दोऱ्या वळाव्यात तसे स्नायू उठलेले. अम्पारो म्हणाली होती, बघा कशी पोलादी झालीय माझी पोर, आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला होता, दृष्ट लागू नये म्हणून. सरबताचा पेला नेरेनं उचलला तेव्हा तो पेला थरथरत होता. थोडासा नव्हे, चांगला. काचेवर तिची अंगठी टिकटिक वाजत होती. तिनं दुसऱ्या हातानं पेला धरला, बापाकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, “कॉफी जास्त झाली, पापा.” केंद्रात कॉफी देत नाहीत, हे तीच त्याला मागे म्हणाली होती. त्याला ते आठवलं होतं का तेव्हा? आठवलं होतं. आठवून त्यानं निवडुंगाची भाजी पुढं सरकवली होती. आणि शनिवारी पहाटे, ती निघताना, दारात त्यानं तिला छातीशी धरलं तेव्हा तिच्या काळजाचे ठोके त्याच्या बरगड्यांवर आपटले, भलते जलद, धावून आलेल्या माणसाचे ठोके. आणि ती तर नुकती अंथरुणातून उठली होती. पोर घाबरलीय, एवढी मोठी शर्यत, त्यानं स्वतःला सांगितलं होतं. कपाळावर बोटानं क्रूस काढला होता. बापाला पोरीचं सगळं कळतं म्हणतात. त्याच्या छातीला कळलं होतं, आणि त्यानं छातीला गप्प केलं होतं. आज रस्त्याच्या मधोमध तो थांबला. मागून सायकलवाला ओरडला, “ओ काका, फुटपाथ काय शोभेला केलाय?”

तो बाजूला झाला आणि बागेच्या कुंपणाला धरून उभा राहिला. ह्याच बागेभोवती त्यानं तिला चालायला शिकवलं. तो स्वतः तरुणपणी शर्यतीत चालायचा, प्रांतापर्यंत गेला, पुढं नाही. पंचांनी त्याला तीनदा लाल पाटी दाखवून बाहेर काढलं होतं, पाय जमिनीवरून सुटतात म्हणून. मग उभं आयुष्य बसस्थानकातल्या काचेमागं बसून तिकिटं विकण्यात गेलं. चालणाऱ्या माणसाला देवानं खुर्चीत बसवलं, असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे. पोरीला शिकवताना मात्र त्यानं खुर्चीत वाया गेलेलं सगळं चालणं वसूल करायचं ठरवलं होतं. चालण्याच्या शर्यतीचा नियम मोठा मजेशीर आहे. एक पाय सदैव जमिनीला टेकलेला पाहिजे. पण टेकलाय की नाही हे पंचानं ठरवायचं ते नुसत्या डोळ्यानं. यंत्रानं पाहिलं तर सगळेच चालणारे पावलागणिक किंचित उडताना दिसतात, आणि ते चालतं, कारण डोळ्याला दिसत नाही. अकरा वर्षांची नेरे, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, तिनं हे ऐकून थांबून विचारलं होतं, “म्हणजे उचलले तरी चालतात, पापा?” तो हसला होता. “दिसले नाहीत तर उचललेच नाहीत.” केवढा शहाणपणाचा वाटला होता तो जबाब! बारशात, लग्नात, बिअरच्या दुसऱ्या बाटलीनंतर तो हा किस्सा सांगायचा, पोरगी तेव्हापासूनच हुशार म्हणून. फिलेमोन तर दर वेळी नव्यानं मांडीवर थाप मारायचा. नियमच तसा आहे, त्यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. तरी कुंपणाच्या गजाला धरलेली त्याची बोटं सुटेनात. केव्हा घेतलं असेल तिनं? कुणी दिलं असेल? केंद्रातल्या खोलीत दार लावून घेतलं असेल, पाण्याबरोबर, ओंजळीतून. की कुणी तरी पाठीवर हात ठेवून म्हणालं असेल, सगळेच घेतात गं, दिसत नाही. आणि मग तिनं थांबून, मान वर करून, काही विचारलं असेल का कुणाला? की विचारायची गरज तिला अकराव्या वर्षीच संपली होती?

फिलेमोनच्या दुकानाकडे जायचं नाही असं ठरवून तो चालत होता आणि पोचला तिथंच. पांढऱ्या फरश्यांचं दुकान, काचेमागं ताटल्या, त्यांत मांस कमी आणि बर्फ जास्त. गिऱ्हाईक एकही नव्हतं. फिलेमोन म्हणजे दोन माणसांचा एक माणूस, हसला की गल्लीच्या टोकाला कळायचं. तो आज स्टुलावर बसून नुसता सुरीला पोलाद घासत होता, काही कापायचं नसताना. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं नेरेला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं, तेव्हापासून तो तिचा धर्मबाप आणि एवारिस्तोचा कोंपाद्रे, धर्मानं जोडलेला भाऊ. सख्ख्या भावाशी एकवेळ चालेल, पण कोंपाद्रेशी एकेरी बोलायचं नाही, रागानं बोलायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, अशी त्या नात्याची रीत.

“या कोंपाद्रे, बसा,” फिलेमोन म्हणाला. “तुम्ही तरी आलात. सकाळपासून फक्त माश्या येतायत, आणि त्याही बाहेरूनच परत जातायत.”

“वकील आला होता,” एवारिस्तो म्हणाला.

“माझ्याकडेही आला होता. भला पोरगा आहे. मी त्याला म्हटलं, घाला माझं नाव. बिनधास्त घाला. दुकानाचं नाव घाला, माझ्या बापाचं नाव घाला.” सुरी थांबली. “सरकारी माणसं येतील म्हणाला चौकशीला. येऊ देत. दुकान गेलं तर गेलं. आत टाकलं तर टाकलं. पोरीला पाण्यावर धरलं तेव्हा पाद्रीनं मलाच विचारलं होतं ना, हिला सांभाळशील? मी काय म्हटलं होतं? विचार करून सांगतो म्हटलं होतं का?”

“कोंपाद्रे, ऐका—”

“नाही, तुम्ही ऐका. मला बोलू द्या, नाहीतर मी फुटेन.” त्याचे मोठे ओठ लहान मुलासारखे वाकडे झाले. “मी तोडलं त्याच्याशी. वासरं देणाऱ्याशी. माझ्या बायकोच्या पाठच्या भावाशी! त्याच्या गोठ्यात जाऊन, त्याच्या पोरांदेखत सांगितलं, तू माझ्या लेकीच्या ताटात विष घातलंस. तो गुडघ्यावर बसला हो. मेलेल्या आईच्या शपथा घ्यायला लागला, म्हणे माझी वासरं चाऱ्यावर वाढतात. मी त्याच्या तोंडावर थुंकलो. घरी आलो तर बायको सामान बांधून बसलेली. तिला तरी काय सांगू? माझ्या हातानं कापून दिलं मी ते. माझ्या हातानं, कोंपाद्रे. पोर जग जिंकून आली आणि मी तिला…” तो रडायला लागला. एवढ्या मोठ्या देहाचं रडणं एवारिस्तोनं कधी पाहिलं नव्हतं. त्याला आवाज नव्हता, नुसतं स्टूल करकरत होतं.

घरून निघाल्यापासून एवारिस्तोनं मुलीचा विचार केला होता, बायकोचा केला होता, स्वतःचा तर फारच. ह्या माणसाचा केलाच नव्हता. ह्याला खरंच वाटतंय. हा काही पोरीसाठी खोटं बोलायला तयार झालेला नाही, ह्याला मनापासून वाटतंय की आपण गुन्हेगार आहोत! एका शब्दाचं काम होतं. उपवासाच्या शुक्रवारी हे दुकान बंद असतं. लाकडी फळ्या लावून फिलेमोन दारात नुसता बसून असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, आज गाईंची सुट्टी. त्याला वार सांगितला की झालं. तो उठून, डोळे पुसून, धावत मेव्हण्याच्या पाया पडायला गेला असता.

“एक सांगा मला,” फिलेमोन नाक पुसत म्हणाला. “माझं डोकं चालत नाहीये. मी एक कलेजी पाठवली होती तुमच्याकडे, दुकानातल्या पोरासोबत, नेरे आली तेव्हा. ती शनिवारी होती ना? सकाळी? तीच खाल्ली ना तिनं? मला आपलं वाटतंय की तोवर नेरे गेली होती, कारण पोरगा परत येऊन म्हणाला… काय म्हणाला ते आठवत नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला आठवत असेल.”

शनिवारची ती कलेजी एवारिस्तोनं आणि अम्पारोनं दोघांनी मिळून खाल्ली होती. नेरेची बस पहाटेच गेली होती. त्याला ताटसुद्धा आठवत होतं, कडेला टवका उडालेलं. फिलेमोन त्याच्याकडे बघत होता, लाल डोळ्यांनी, आशेनं. हो, आशाच होती ती, बुडणारा माणूस काठावरच्याकडे बघतो तसली. एवारिस्तोनं तोंड उघडलं.

“मलाही नीट आठवत नाही, कोंपाद्रे,” तो म्हणाला.

बाहेर येऊन तो किती तरी चालला. पाय भरभर पडत होते, टाच, चवडा, जुनी सवय, गुडघा ताठ. आठवत नाही म्हणालो आपण! कोंपाद्रेला. तोंडावर. पण हे काही कायमचं नाही, तो स्वतःला सांगत होता, हा फक्त तासाभराचा उसना वेळ घेतला. आता फोन करायचा. अम्पारोची शपथ गेली खड्ड्यात. पोरीला सांगायचं, शुक्रवार होता तो, तू मांस खाल्लं नाहीस. आणि मग तिच्या तोंडून ऐकायचं. ती रडेल. म्हणेल, पापा, चुकले. किंवा म्हणेल, मला कुणी तरी फसवून दिलं, मला ठाऊकच नव्हतं. काहीही म्हणू दे. ‘हो’ म्हणाली तर तिला घट्ट धरता येईल, पदक देऊन टाकता येईल, सगळ्या वस्तीसमोर मान खाली घालता येईल. माणसं मरत नाहीत त्यानं. ‘नाही’ म्हणाली तर तिच्यासाठी पंचांच्या दारात उपाशी बसता येईल. आणि दोन्ही वेळा परत त्या पांढऱ्या दुकानात जाऊन म्हणता येईल, उठा कोंपाद्रे, तुम्ही काही केलेलं नाही. त्याला एवढंच हवं होतं. चर्चच्या मागच्या चौकात तो बाकावर बसला. समोर एक बाई आंब्याच्या फोडींवर तिखट भुरभुरत होती, कबुतरं पायात येत होती. त्यानं फोन लावला.

“पापा!” पहिल्याच घंटेला तिनं उचलला. “जेवलात? वकील आला होता ना? आईनं त्याला उपाशी तर नाही ना पाठवलं?”

“सरबत प्यायला,” तो म्हणाला. इतका ओळखीचा आवाज; काही बदललं नव्हतं त्यात. “पोरी, कशी आहेस?”

“कशी असणार? केंद्रात कुणी बोलत नाही. जेवायला बसले की टेबल रिकामं होतं. परवा माझ्या खोलीच्या दारावर कुणीतरी वासराचं चित्र चिकटवलं. चांगलं काढलं होतं, खरं सांगते. शेपूट माझ्या वेणीसारखी.” ती हसली, आणि हसणं मध्येच तुटलं. “पापा, चार वर्षांची बंदी म्हणजे संपलंच हो. मी तिशीला येईन. मला दुसरं काहीच येत नाही. तुम्ही मला दुसरं काही शिकवलंच नाहीत.”

हे ती आरोपानं म्हणाली नव्हती. तरी त्याला बाकाची कड धरावी लागली.

“नेरे,” तो म्हणाला, “वकील म्हणाला, शुक्रवारी दुपारी तू कलेजी खाल्लीस.”

“हो. मग?”

“पोरी. शुक्रवार.”

“हो ना, शर्यतीआधी तेवढेच दिवस—” आणि ती थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. त्याला वाटलं, आता. आता ती रडेल. त्यानं डोळे मिटून घेतले, दोन्ही हातांनी फोन धरला, आणि मनातल्या मनात, आयुष्यात कधी केली नसेल अशी विनवणी केली, की बोल बाळा, काहीही बोल, मी आहे.

“अरे देवा,” नेरे म्हणाली. “उपवासाचा शुक्रवार. आईनं गोड पाव केला होता. विसरलेच की मी!” आणि मग, क्षणभर थांबून, “बरं झालं तुम्ही सांगितलंत, वकिलानं अजून पंचांना कळवलेलं नाहीये. मग कुठला वार सांगायचा, पापा?”

एवढंच. आवाजात लाज नव्हती, भीतीही नव्हती. शर्यतीत त्याच्याजवळून जाताना, घामानं डोळे झाकलेले असताना, ती ज्या आवाजात ओरडून विचारायची, अजून किती फेऱ्या, तोच आवाज. विश्वासानं विचारलेला, कारण बाप कडेला उभा आहे, बाप मोजतोय, बाप चुकीचं सांगणार नाही. तिनं ‘हो’ म्हटलं नव्हतं, ‘नाही’ही म्हटलं नव्हतं, त्याला जे ऐकायचं होतं ते तिच्या लेखी विचारण्यासारखंसुद्धा नव्हतं. त्याला ओरडायचं होतं. फोन कबुतरांत फेकून द्यावासा वाटत होता. काय केलंस तू, कार्टे, काय केलंस, आणि तो तिकडे स्टुलावर बसून रडतोय! हे सगळं त्याच्या छातीत होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. समोरच्या बाईनं आंब्याचा पेला एका पोरीच्या हातात दिला. फोनमधून पलीकडचा श्वास ऐकू येत होता, जलद, वाट बघणारा.

“पापा? आहात ना? लवकर सांगा, वकिलाला कळवायचंय.”

“गुरुवार सांग,” एवारिस्तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला ऐकू आला, शांत, काचेमागून गाडीची वेळ सांगावी तसा. “गुरुवारी तुझ्या धर्मबापाचं दुकान उघडं असतं.”